एका कापडाच्या दोन चड्ड्या

पैज लागली शिंपीकाकांच्या दुकानात, आणि लागली ती चड्डीवर. आतली चड्डी. उगाच सभ्य शब्द शोधत बसत नाही, कारण पुढे हा शब्द बराच येणार आहे.

मी पँटची उसवलेली शिवण घालून घ्यायला गेलो होतो. गांडूळ आधीच तिथे स्टुलावर बसून काकांचं डोकं खात होता. गांडूळ म्हणजे माझा शेजारी. घराला घर लागून आणि शेताला शेत, मध्ये फक्त झुडपांचं कुंपण. हे नाव मीच ठेवलेलं, कारण त्याने शेतात नांगर घालणं केव्हाच बंद केलं होतं. माती उलटीपालटी करायची नाही, उघडी ठेवायची नाही, एक पीक निघालं की त्यावर लगेच दुसरं काहीतरी हिरवं पेरून टाकायचं, बाकीचं काम गांडुळं करतात, असं त्याचं म्हणणं. तो मला नांगऱ्या म्हणायचा. माझा ट्रॅक्टर आहे, आणि आसपासची सगळी नांगरट मीच भाड्याने करून देतो. म्हणजे त्याचं बोलणं लोकांनी मनावर घेतलं तर माझ्या पोटावर पाय. तरी रोज संध्याकाळी कुंपणापाशी उभं राहून एकमेकांना शिव्या दिल्याशिवाय दोघांनाही जेवण जायचं नाही.

"नवीकोरी सुती चड्डी घ्यायची," तो काकांना सांगत होता, "शेतात वीतभर खोल पुरायची. दोन महिन्यांनी उकरायची. माती जिवंत असेल तर चड्डी खाऊन टाकते. मेलेली असेल तर जशीच्या तशी बाहेर."

"मग तीच परत घालता येते का?" मी दारातूनच विचारलं.

"तुझ्या शेतातली येईल. धुवायलाही नको."

काकांच्या तोंडात टाचण्या होत्या म्हणून त्यांना हसता येईना, ते नुसतेच हलले.

"माझ्या मातीला नावं ठेवतोस?"

"माती कुठली रे? तू तिचं पीठ करून ठेवलंयस. जरा वारा सुटला की तुझं अर्धं शेत माझ्या बायकोच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर येऊन बसतं."

"मग भाडं दे मला. फुकट जमीन मिळतेय तुला."

झालं, तिथेच ठरलं. काकांनी एकाच ताग्यातून दोन चड्ड्या बेतल्या, म्हणजे कोणी रडायला नको. दोरा तेवढा नायलॉनचा असेल, सुती दोरा मी ठेवत नाही, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. अटी मी घातल्या. अटी घालण्यात माझा हात कोणी धरत नाही. जो हरेल त्याने स्वतःची उकरलेली चड्डी पँटवरून चढवायची आणि बाजाराच्या दिवशी भर चौकात उभं राहायचं. जिंकणाऱ्याने तीनदा विचारायचं, "हे काय?" आणि हरणाऱ्याने तीनदा मोठ्याने सांगायचं, "माझी माती मेलीय." हसायचं नाही. हसला तर पुन्हा पहिल्यापासून.

"तुझ्या मापाची जरा मोठी बेततो," काका मला म्हणाले. "पँटवरून चढवायचीय ना."

पैज अजून लागत होती आणि पंचांचा निकाल तयार होता. दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघांनी आपापल्या शेतात चड्ड्या पुरल्या.

गांडूळ एकटा नव्हता. त्याची एक मंडळी होती, आसपासच्या आणि लांबच्या गावांतलेही शेतकरी. दर महिन्याला कोणाच्या तरी शेतात जमायचं, फावड्याने खणायचं, मूठभर माती नाकाला लावून वास घ्यायचा, आणि ज्याचं शेत त्यानेच सांगायचं, काय केलं आणि काय फसलं. फसलेलं आधी सांगायचं, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम गांडुळाने भांडून करून घेतलेला: जो स्वतः जमीन कसत नाही त्याने इथे शिकवायचं नाही. एकदा लॅपटॉप घेऊन एक सल्लागार आला होता. दिवसभर बोलला आणि जाताना सगळ्यांच्या गळ्यात कसल्यातरी पुड्या मारून गेला. त्यानंतरचा हा नियम.

या मंडळीला शहरातली एक संस्था निधी द्यायच्या विचारात होती. एकमेकांची शेतं बघायला जायचं गाडीभाडं, ज्याच्या शेतात जमायचं त्याचा बुडालेला दिवस, आणि सगळ्यांत मिळून न नांगरता पेरणारं एक यंत्र. पैसे कशावर घालायचे ते शेतकऱ्यांनीच ठरवायचं, वरून कोणी सांगायचं नाही. असे पैसे सहसा मिळत नाहीत म्हणून मंडळी हरखून गेली होती. संस्थेच्या मॅडम माणूस म्हणून चांगल्या. त्या म्हणाल्या, "आमचे वरचे लोक अहवाल वाचून कंटाळलेत हो. त्यांना डोळ्यांनी दिसेल असं काहीतरी दाखवा."

गांडुळाने त्यांना चड्डीची पैज सांगितली. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. उकरायचा कार्यक्रम सगळ्यांसमोर करायचा, असं ठरलं.

मग काय, मला रान मोकळं. बाजारात मी बोर्ड लावला: "भव्य उत्खनन. दोन शेतकऱ्यांची इज्जत पणाला. चहा फुकट." लोक मला रस्त्यात थांबवून विचारायचे, तुझी कुठल्या रंगाची आहे. मजेत दिवस जात होते.

आणि एका दुपारी वहिनी आल्या. गांडुळाची बायको. मी शेडमध्ये ट्रॅक्टरला ग्रीस लावत होतो.

"भावोजी, जावई आज परत येऊन गेला."

हे सांगायचं राहिलं. गांडुळाचं शेत गांडुळाचं नव्हतं. भाड्याचं होतं. त्याने घेतलं तेव्हा त्यावर टिकाव मारला तर पत्र्यावर मारल्यासारखा आवाज यायचा. म्हातारे मालक म्हणाले होते, नेतोस तर ने बाबा, माझ्या डोक्याचा ताप जाईल. दर वर्षी हातात हात दिला की पुढचं वर्ष चालू. म्हातारे वारले आणि कारभार त्यांच्या जावयाकडे आला. पांढरे बूट घालून शेतात यायचा.

"मूठभर माती रुमालात बांधून घेऊन गेला," वहिनी म्हणाल्या. "बरोबर बटाटे करणाऱ्या कंपनीचा माणूस होता. त्याला म्हणाला, परवाच्या कार्यक्रमाला येऊ, खरंच इतकी भारी आहे का बघू, आणि मग काय ते ठरवू."

माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. बोर्डावर मी तारीख चांगली हातभर मोठ्या अक्षरात लिहिली होती.

"तो काय म्हणतो?"

"ते काय म्हणणार. येऊ दे म्हणतात. मंडळीला पैसे मिळाले पाहिजेत म्हणतात." त्या शेडच्या खांबाला टेकल्या. "भावोजी, जन्मभर नको तिथे उचापती केल्यात. एकदा कामाची करा."

संध्याकाळी मी कुंपणापाशी गेलो.

"गांडुळा, तुझी चड्डी अख्खी निघाली तर?"

"कशी निघेल?"

"समज निघाली. जावई हसत घरी जाईल. ही कसली भारी माती, म्हणेल. बटाटेवाला दुसरं शेत बघेल. तू आहेस तिथेच."

त्याला लगेच कळलं. आम्ही एका शाळेत, एका बाकावर, एकाच दिवशी मार खाल्लेली माणसं. "आणि मंडळी?" तो म्हणाला.

"मंडळीला पुढच्या वर्षी दुसरं कोणीतरी देईल."

"आणि टोपीवाली?"

टोपीवाली म्हणजे मंडळीतली एक बाई. कायम भलीमोठी टोपी घालायची. नवरा नव्हता, दीर होते. गांडुळाच्या शब्दावर तिने या वर्षी अर्धं शेत नांगरायचं सोडलं होतं, आणि दीर रोज बांधावर येऊन हसून जायचे.

"तिचं पहिलंच वर्ष आहे," गांडूळ म्हणाला. "पहिल्या वर्षी काही दिसत नाही रे. माझंही दिसलं नव्हतं. ती माझं शेत बघून जाते आणि महिनाभर तग धरते."

"मग तिचं पोट भर आणि तू उपाशी मर."

"आणि मी हरू होय? तुझ्याकडून?" असं म्हणून तो हसला, आणि हसत हसतच आत निघून गेला.

मी ऐकणाऱ्यातला नाही. शिंपीकाकांकडे गेलो आणि म्हणालो, काका, तिसरी शिवा, पण अशा कापडाची की तिला जमिनीचे दात लागणार नाहीत. काकांनी कारण विचारलं नाही. कोटाच्या अस्तराचं पांढरं नायलॉन काढलं आणि मशीन चालू केलं. ती मी चिखलात घोळवली, वाळवली, परत घोळवली, दोन महिन्यांची दिसेपर्यंत. मग गांडूळ मॅडमना आणायला स्टँडवर गेला असताना त्याच्या शेतात शिरलो. वहिनी फाटकाशी लक्ष ठेवून उभ्या होत्या.

चड्डी पुरली होती तिथे त्याने छोटा झेंडा लावला होता. मी तो हातभर सरकवला आणि फावडं रोवलं. आणि खरं सांगतो, आवाजच झाला नाही. माझ्या शेतात फावडं मारलं की मनगटापर्यंत झिणझिण्या येतात. इथे ते लोण्यात सुरी जावी तसं गेलं. खालून काळी, ओलसर, घमघमीत माती वर आली. तिच्यात बारीक पांढऱ्या मुळ्यांचं जाळं होतं, आणि चार-पाच गांडुळं माझ्यावर वैतागून आत पळाली. इतकी वर्षं मी त्याला कुंपणापलीकडून चिडवत होतो, पण त्याच्या शेतात फावडं कधी घातलंच नव्हतं. मग नायलॉन आत टाकलं, माती ओढली, वर काडीकचरा पसरला आणि निघून आलो.

दुसऱ्या दिवशी ही गर्दी. मंडळी, मॅडम, त्यांचे दोन वरचे लोक, अर्धा बाजार. जावई पांढऱ्या बुटांत, शेजारी बटाटेवाला. टोपीवाली सगळ्यांत पुढे.

आधी माझी उकरली. अख्खी निघाली. इलॅस्टिकसुद्धा ताणून बघितलं, टणटणीत. मी ती डोक्यावर फिरवली, लोक पोट धरून हसले. शिंपीकाका म्हणाले, "माझं काम आहे, टिकणारच."

मग गांडूळ. झेंड्यापाशी खणलं, हात घातला, आणि ओढून काढली. तीही अख्खी.

एक माणूस हसला आणि मध्येच थांबला. वरच्या लोकांपैकी एकाने घड्याळ बघितलं. जावई बटाटेवाल्याच्या कानाशी काहीतरी बोलला, दोघं जायला वळले. मी मनात म्हटलं, जा बाबांनो, जा, चहा पिऊन जा. टोपीवालीने टोपी काढून हातात घेतली आणि टोपीच्या आत बघत उभी राहिली.

गांडुळाने ते कापड अंगठ्याने चोळलं. मग शिंपीकाकांकडे बघितलं. काका आपल्या चपला बघत होते. मग माझ्याकडे. मी भुवया उडवल्या, म्हटलं चालू दे. मग त्याने वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी, कोणाला दिसणार नाही अशी. नको.

तो तसाच उभा होता. हातात ती चड्डी धरून. मला वाटलं, जमलं.

"ही माझी नाही," तो म्हणाला. "झेंडा सरकलाय."

फावडं त्याने टाकून दिलं. हातभर पलीकडे गुडघ्यांवर बसला आणि हातांनीच उकरायला लागला, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण काढावं तसं. आणि त्याने ते वर उचललं. कमरेचं इलॅस्टिक, आणि त्याला लोंबणारा काकांचा नायलॉनचा दोरा. बाकी काही नाही. कापडाचा एक धागाही नाही. नुसत्या शिवणींची काढलेली चड्डी, तिच्यातून पलीकडचं आभाळ दिसत होतं. दोऱ्याला एक गांडूळ लटकत होतं.

टाळ्या कितीतरी वेळ वाजत होत्या. टोपीवाली पुढे आली, तिने त्या दोऱ्यांच्या मधून हात घालून बघितला, मग परत घातला. मॅडमनी डोळे पुसले. वरचे लोक फोटो काढत होते. टाळ्या जावयानेही वाजवल्या. त्याने वाकून त्या खड्ड्यातली माती उचलली आणि बटाटेवाल्याच्या तळहातावर ठेवली.

वहिनी वळून घरात गेल्या. दार लावल्याचा आवाज टाळ्यांत कोणाला आला नसेल. मला आला.

मंडळीला निधी मिळाला. अख्खा मिळाला, मागितला होता तेवढा. त्याच आठवड्यात जावयाचा निरोप आला की पीक काढून शेत मोकळं करा. मंडळी म्हणाली, निधीतून आपणच ते शेत भाड्याने घेऊ, सगळ्यांचं शिकायचं शेत म्हणून ठेवू. मॅडमनी वर विचारलं. परत विचारलं. शेवटी स्वतः सांगायला आल्या आणि पायरीवरच बसल्या. "पैसे शिकण्या-शिकवण्यासाठी आहेत म्हणतात. जमिनीसाठी नाहीत. जमिनीशिवाय शिकवायचं कुठे, असं मी विचारलं."

वहिनींनी त्यांना पाणी आणून दिलं. माझ्याशी वहिनी तेव्हा बोलत नव्हत्या. गांडुळाशीही फारशा नाही.

मंडळीने मग गांडुळाला सांगितलं, शेत गेलं तर गेलं, तू आमच्याकडे शिकवायला येत राहा, दर दिवसाचा मोबदला घे, त्यात घर चालेल. तो म्हणाला, नियम आहे. अरे, पण नियम तूच केलास ना, मी म्हटलं, तूच मोड.

"मी मोडला तर उद्या लॅपटॉपवाला येऊन म्हणेल, त्याला चालतं तर मला का नाही. मग काय सांगतील ते?"

"तुझ्यासारखा गाढव बघितला नाही मी."

"तुझ्या घरात आरसा नाही."

मी सुचवायचं काही बाकी ठेवलं नाही. म्हटलं, तुझी माती उचलून गाड्या भरभरून माझ्या शेतात टाकू, जावयाला खालचा मुरूम देऊ. त्याने ते जरा वेळ खरोखरच मनात घोळवलं असावं, कारण उत्तर उशिरा आलं. "उचलली की मरते रे ती."

शेताची नांगरट करायला जावयाचा फोन कोणाला आला असेल? मलाच. आसपास दुसरा ट्रॅक्टर नाही. मी म्हटलं, बिघडलाय. आणि खोटं नको म्हणून त्याचा डिझेलचा पंप काढून घरात खाटेखाली ठेवला. आमची ही म्हणाली, ऐन हंगामात खाटेखाली यंत्र ठेवून खाणार काय. मी म्हटलं, बघू. पण बटाटेवाल्यांनी बाहेरून मोठा ट्रॅक्टर आणला. मी शेडमध्ये बसून ऐकत होतो. इंजिनाच्या आवाजावरून मला फाळ किती खोल चाललाय ते कळतं. खोल होता. खूपच खोल. गांडूळ कुंपणापाशी येऊन उभा राहिला, शेताकडे पाठ करून. मी त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. त्या संध्याकाळी आम्ही एकमेकांना शिव्या दिल्या नाहीत.

त्याला शहरात मेव्हण्याच्या ओळखीने काम मिळालं, एका मोठ्या इमारतीच्या बागेत माळी म्हणून. तिथे माती पिशव्यांतून विकत आणतात, असं त्याने मला सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला, मी काहीतरी चावट बोलेन म्हणून.

सामान न्यायला त्याने टेम्पो बोलावला तो नेमका बाजाराच्या दिवशी. "नाहीतर तू पैज बुडवशील," म्हणाला.

मी चौकात उभा होतो. पँटवरून ती चड्डी, चिखलाचे डाग तसेच. काकांनी मापात थोडीही कसर ठेवली नव्हती. लोक गोळा झाले, हसत होते, भाजीवाल्या एकमेकींना कोपरं मारत होत्या. मीच लावलेला बोर्ड मागे खांबावर अजून होता. टेम्पो आला आणि माझ्यासमोर थांबला. पुढे ड्रायव्हरशेजारी वहिनी, मागे कपाट, खाट आणि गाद्यांच्या मध्ये गांडूळ, मांडीवर फावडं.

"हे काय?" त्याने वरून विचारलं.

"माझी माती मेलीय," मी म्हणालो. लोक खो-खो हसले.

"ऐकू नाही आलं. हे काय?"

"माझी माती मेलीय."

या वेळी हसणं जरा कमी झालं. टोपीवाली गर्दीत होती, तिला मी तेव्हा पाहिलं. ती हसत नव्हती.

तिसऱ्यांदा विचारायला गांडुळाने तोंड उघडलं. पण मग तोंड वळवून गादीची दोरी घट्ट करायला लागला. ती आधीच घट्ट होती. मागून एक गाडी हॉर्न वाजवत होती. ड्रायव्हरने गिअर टाकला.

"थांबा," वहिनी त्याला म्हणाल्या. त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि माझ्याकडे नीट बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा.

"हे काय, भावोजी?"

मोठ्याने सांगायचं ठरलं होतं. मी मोठ्याने सांगितलं.